जुनी पोर्ट्रेट लेन्स: आधी काच बघा, मग नाव

गणपती उरकले की कपाटं उघडली जातात, कॅमेऱ्याच्या पिशव्या बाहेर येतात आणि आमच्याकडे जुन्या लेन्सविषयीची पत्रं वाढतात. या वेळी त्यातली चार निवडली आहेत.

आजोबांची निक्कॉर १०५ मिमी, एफ २.५ लेन्स चामड्याच्या केसमध्ये सापडली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. घरी साफ करता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

मोलाची लेन्स तुमच्या हाती आली आहे. स्टीव्ह मकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो निक्कॉर १०५, एफ २.५ नेच. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला.

त्या रेषा म्हणजे फंगस. चामडं ओल धरून ठेवतं, त्यामुळे लेन्स आजच त्या केसमधून बाहेर काढा आणि इतर लेन्सपासून दूर ठेवा. फंगस थोडी असेल तर साध्या उजेडातल्या फोटोत फरक कळणारही नाही; खिडकीसमोर माणूस उभा केला की मात्र चित्र फिकं पडतं. काचेवर नुसती पसरलेली फंगस पुसली जाते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग कायमचा. म्हणून दुरुस्तीचे पैसे ठरवण्याआधी 'कोटिंग शाबूत आहे का?' एवढं कारागिराला विचारा.

बाहेरच्या दोन काचा ब्लोअर मारून, मऊ कापडाने घरी पुसायला हरकत नाही. लेन्स उघडू मात्र नका, ही कळकळीची विनंती. काच धरून ठेवणाऱ्या रिंगच्या खाचेतून हत्यार निसटलं की काचेवर ओरखडा ठरलेला. फोकसच्या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. त्या कुठे सुटल्या याची खूण केली नाही, तर पुन्हा जोडताना चुकीच्या आट्यात बसतात आणि लांबचं फोकस जातं. कारागीर आट्यांचं जुनं ग्रीस काढून नवं भरेल. लेन्स परत घेताना ती त्याच्यासमोर बॉडीला लावून दूरच्या इमारतीवर फोकस करून बघा.

आणखी एक खबरदारी. लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग बॉडीशी जोडण्याची निकॉनची एआय पद्धत १९७७ मध्ये आली. तुमची लेन्स त्याआधीची आणि मूळ रिंगची असेल, तर निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरवर ती जबरदस्तीने बसवल्यास बॉडीची कळ मोडू शकते. आधी बदल करून घ्या, किंवा अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर वापरा.

साफ झाल्यावर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की तापवून कोरडं करा. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवायचा सल्ला कोकणात सर्रास मिळतो. तो मानू नका, तांदळाची पूड फोकसच्या फटीत जाते.

जुन्या बाजारात विक्रेता लेन्स पाचच मिनिटं हातात देतो. तेवढ्यात काय काय बघू? (एक वाचक, पुणे)

खिशात छोटा टॉर्च ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च तिरका धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा, मग बाजू बदला. धुळीचे चार कण आणि पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा सोडून द्या. मागच्या काचेवरचा ओरखडा, दुधाळ धुरकटपणा आणि कडेला इंद्रधनुषी पट्टा मात्र वाईट. पट्टा दिसला तर चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्या आहेत. ती लेन्स तिथेच ठेवून या.

मग पाती बघा. निक्कॉर किंवा टाकुमारच्या मागची कळ दाबली-सोडली की पाती झटकन उघडली-मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल आलं आहे. हेलिऑस ४४-२ आणि ज्युपिटर-९ मध्ये पाती हाताने फिरवायची असतात, तिथे थोडं तेल चालतं. ज्युपिटरला १५ पाती असतात. ती विस्कटली तर बसवायला चांगला कारागीरही कुरकुरतो, म्हणून उघडल्याच्या खुणा असलेले स्क्रू दिसले की भाव निम्म्यावर आणा.

कॅमेरा बरोबर असेल तर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर दूरचा एक मनोरा फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणून, दर वेळी फोकस करून फोटो काढा. तीन कोपरे ठीक आणि एकच मऊ आला, तर आतली काच सरकली आहे. पोर्ट्रेटला कोपरे लागत नाहीत असं विक्रेता म्हणेल. पण चेहरा मधोमध ठेवणारे फोटोग्राफर थोडेच. डोळा बहुधा कडेच्या बाजूला येतो.

हेलिऑस ४४-२ घेतली, पण ती प्रसिद्ध गरगरणारी पार्श्वभूमी माझ्या फुजीवर येतच नाही. नकली आहे का? (एक वाचिका, नाशिक)

लेन्स बहुधा अस्सल आहे. ती जर्मन बायोटार ५८ मिमी, एफ २ च्या धर्तीवर सोव्हिएत कारखान्यांत बनली आणि गरगर उमटते ती मुख्यतः कडांना. तुमचा सेन्सर एपीएस-सी, त्यामुळे नेमक्या कडाच कापल्या जातात. एफ २ वर ठेवा, माणूस दोनेक मीटरवर आणि मागे काही मीटरवर पानांतून ऊन झिरपणारं झाड घ्या. सपाट भिंतीपुढे काहीच दिसणार नाही. मेनूमध्ये 'शूट विदाउट लेन्स' चालू करा. बॉडीत स्थिरीकरण असेल तर त्यात ५८ भरा, सत्त्याऐंशी नव्हे.

सुपर-टाकुमार ५० मिमी, एफ १.४ ची काच पिवळी पडली आहे. घ्यावी का? (एक वाचक, पणजी)

त्या काचेत थोरियम आहे आणि पिवळेपणा त्यामुळेच. लेन्सची मागची बाजू अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका आणि काही दिवस उन्हात ठेवा, बराचसा रंग उतरतो. उन्हात ठेवलेली लेन्स आग लावू शकते, म्हणून फॉइल विसरू नका आणि लक्ष ठेवा. फोटो काढायला काही धोका नाही, पण काच घासण्याच्या भानगडीत पडू नका. पिवळी आहे म्हणून स्वस्तात मिळत असेल आणि टॉर्चच्या उजेडात बाकी सगळं स्वच्छ दिसत असेल, तर जरूर घ्या.