स्कॅनर घेण्याआधी: पाली-बीडच्या रेडिओवेड्या मुलांसाठी काय करावे, काय टाळावे

अमेरिकेतल्या अनेक काउंट्यांमध्ये पोलिस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एकाच ट्रंकिंग रेडिओ यंत्रणेवर बोलतात. नियंत्रण वाहिनी प्रत्येक संभाषणाला मोकळी फ्रिक्वेन्सी नेमून देते आणि स्कॅनर तिचा माग काढत संभाषण पकडतो. कूटबद्ध नसलेले बोलणे घरबसल्या ऐकायला तिथे सहसा मुभा असते. त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची मुलेही यूएसबी रिसीव्हर मागवतात. पण आपला कायदा वेगळा आहे. कान मात्र इथेही तयार करता येतो आणि तो गावाच्या उपयोगी पडतो.

काय करावे

- आधी परवाना, मग यंत्र. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना दूरसंचार विभाग देतो. वयाची १२ वर्षे पूर्ण हवीत. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. परीक्षेत रेडिओचे तंत्र आणि नियम विचारतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही.
- अंतराळ स्थानक ऐका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हौशी प्रसारण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येते. स्थानक क्षितिजावर येताना रिसीव्हर सुमारे १४५.८०३ वर ठेवा, डोक्यावर आले की १४५.८०० वर आणा आणि मावळताना १४५.७९७ पर्यंत उतरवा. जेमतेम दहा मिनिटांचा खेळ. वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकवणारा डॉप्लर परिणाम पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतो.
- अँटेना गच्चीवर, मोकळ्यावर लावा. पालीजवळ बालाघाटाचे डोंगर आहेत आणि व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात. डोंगराआड त्या क्षीण होतात. १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधारण ४९ सेंटीमीटरची उभी तार पुरते.
- खरखर शोधून काढा. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर एकेक बंद करून पाहा. खरखर कशाने थांबली ते वहीत लिहा.
- विजेचा अंदाज घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचे, वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा. आभाळ भरून येण्याआधीच अँटेनाची वायर काढा. कडकडाट सुरू झाल्यावर गच्चीवर जाऊ नका.

काय टाळावे

- पोलिसांचे बिनतारी संदेश चोरून ऐकू नका. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदा संदेश पकडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे.
- कूटबद्ध संदेश फोडण्याच्या नादी लागू नका. त्या संदेशात एखाद्या पीडितेचे नाव किंवा जखमीचा पत्ता असू शकतो.
- कानावर पडलेले ग्रुपवर टाकू नका. अर्धवट ऐकलेल्या वाक्याची अफवा व्हायला वेळ लागत नाही, आणि तिची झळ निरपराधाला बसते.
- मिळेल तो वॉकीटॉकी विकत घेऊ नका. परवान्याविना वापरता येणारे हँडसेट ४४६.०–४४६.२ मेगाहर्ट्झमधले, कमी शक्तीचे आणि मान्यताप्राप्त असतात. खोक्यावर फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीचा उल्लेख नसेल तर परत करा.
- परवाना नसताना बोलण्याचे बटण दाबू नका. तुमच्या गमतीखाली कुणाचा तरी मदतीचा संदेश दबू शकतो.
- संकटात रेडिओवर विसंबू नका. आधी ११२ लावा. आपत्ती असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी मराठवाड्यातून संपर्क साधून दिला होता. बिंदुसरा धरण पालीतच आहे. एखाद्या पावसाळ्यात पूर आला आणि मोबाइल टॉवर बंद पडले, तर असा परवानाधारक माणूस गावातच असायला हवा. तो तुम्ही व्हा. यंदाच अर्ज भरा.