घर्षणानें ढवळून धातूच्या पृष्ठास काठिण्य आणणें

फाळ झिजला म्हणजे नांगर जमिनींत नीट उतरत नाहीं व ओढ वाढते, हें वाचकांस सांगावयास नको. कचेरीची नोकरी संपवून घरची शेती पाहूं लागलों तेव्हां मी हौसेनें फाळास फार कडक पाणी देवविलें. तिसऱ्याच तासास दगड लागून त्याचे दोन तुकडे झाले. मग ध्यानांत आलें कीं, काठिण्य हवें तें पृष्ठाला. आंत धातु चिवटच राहिला पाहिजे.

याच हेतूच्या एका नव्या रीतीची माहिती येथें देतों. १९९१ सालीं इंग्लंडांत केंब्रिजजवळील एका वेल्डिंग संशोधन संस्थेंत, धातु न वितळवितां घर्षणाच्या उष्णतेनें मऊ करून दोन पत्रे जोडण्याची युक्ति निघाली. पुढें अमेरिकेंत राजीव मिश्रा व त्यांचे सहकारी यांनीं ती एकाच पत्र्याचें पृष्ठ सुधारण्याकडे लाविली.

कृति अशी. अॅल्युमिनियमचा जाड पत्रा लोखंडी पाटावर घट्ट आवळतात. त्यांत बारीक चर पाडून सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे धार लावण्याच्या चाकांत असतो त्या पदार्थाची, अतिसूक्ष्म भुकटी भरतात. ती उडूं नये म्हणून प्रथम सपाट हत्यार फिरवून चराचें तोंड बुजवितात. मग आंखूड खुंटी व तिच्यावर रुंद खांदा असलेलें कठीण पोलादाचें हत्यार, मिनिटास शेंकडों फेरे या वेगानें फिरवीत, पत्र्यांत दाबतात व चराच्या रेषेनें सावकाश पुढें नेतात. खांद्याच्या घर्षणानें धातु मऊ होतो, खुंटी त्यास भुकटीसह ढवळते, आणि वरून खांद्याचा दाब असल्यामुळें तो बाहेर सांडत नाहीं.

भातखाचराची चिखलणी ज्यांनीं केली आहे त्यांस हें लगेच उमजेल. चिखल कितीही ढवळला तरी त्याचें पाणी होत नाहीं; तसाच हा धातु वितळत नाहीं. सारें मर्म यांतच आहे. अॅल्युमिनियम सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें, आणि त्या रसांत ही भुकटी पडली तर दोहोंचा संयोग होऊन ठिसूळ पदार्थ बनण्याचें भय असतें. चिखलणी जशी एका पाळीनें भागत नाहीं, तशी येथेंही एका फेरीनें भुकटी गुठळ्या धरते. दोन-तीन फेऱ्यांनीं ती सारखी पसरते. हत्यार घाईनें पुढें नेल्यास उष्णता अपुरी पडून पृष्ठाखालीं उंदराच्या बिळासारखी लांब पोकळी राहते. ती वरून दिसत नाहीं, हें अधिक वाईट.

मिश्रा यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मॅग्नेशियममिश्रित अॅल्युमिनियम घेतलें होतें. त्याचें काठिण्य विकर्स मापानें ८५ होतें. मिश्र थरांत शेंकडा २७ भाग भुकटी असतां तें १७३, म्हणजे दुप्पट भरलें. थराची जाडी मात्र मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शापासून पांचव्या हिश्शापर्यंतच होती.

मग आपल्या फाळाचें काय? फाळ पोलादाचा. पोलाद असें ढवळण्यास सुमारें हजार अंशांची उष्णता लागते. त्यासाठीं टंगस्टनच्या मिश्रधातूचीं किंवा बोरॉन नायट्राइडचीं हत्यारें लागतात, तीं फार महाग, आणि तींही झिजतात. म्हणून ही रीति मुख्यत्वें अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबें अशा मऊ धातूंवरच चालते. फाळाच्या धारेवर कठीण धातूचा थर वेल्डिंगनें चढवून घेणें हाच तूर्त आपल्या आवांक्यांतील उपाय आहे. नव्या शास्त्रीय रीतीचा म्हणून कोणी चढ्या भावानें फाळ देऊं लागल्यास, थर किती जाड व कोणत्या धातूवर चढविला, एवढें तरी विचारावें. मिलिमीटरचा पांचवा हिस्सा मुरमाड जमिनींत किती तास टिकेल, याचा हिशेब करण्यास कारकून लागत नाहीं.