गावाकडचा गळा आणि टीव्हीचा मंच



मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. मोबाईलवर तिचं गाणं लावून म्हणाले, "सर, पोरगी आराधी गाणी लई भारी म्हणती. टीव्हीवर पाठवायचं म्हणतोय. तेवढी सिनेमाची गाणी शिकवा तिला."

त्यांना मी कार्तिकी गायकवाडची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

2008 साली झी मराठीवर 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' सुरू झालं आणि फेब्रुवारी 2009 मध्ये त्याची महाअंतिम फेरी झाली. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. शेवटी पाच मुलं उरली, आळंदीची कार्तिकी, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि आपल्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत. महाराष्ट्र त्यांना 'पंचरत्न' म्हणू लागला. पाचांपैकी मोठ्या शहरातली एकटी आर्या, हे वर्गात नकाशा लावून मुलांना जरूर दाखवा. आमच्या वाशीच्या मुलांचं बोट लातूरवर गेलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

त्या पाचांत कार्तिकी विजेती ठरली. कशाच्या जोरावर? तिचा आवाज खडा, मोकळा, भजनात तापलेला. वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, त्यामुळे तालीम घरातच. अभंग, गवळण, लोकगीत हेच तिचं बलस्थान होतं आणि मंचावरही तिने तेच पुढे ठेवलं. म्हणजे टीव्हीने तिला गळा दिला नाही. गळा आधीच तयार होता, टीव्हीने तो घरोघरी पोचवला. पालकांची गल्लत होते ती इथंच.

त्या कार्यक्रमात गुण आकड्यांत नसत. परीक्षक 'ध', 'नी' असे सूर देत. (आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यांपेक्षा मला ते बरं वाटायचं.) पण मतदानाचा एसएमएस कोण किती पाठवतं, हे मुलाच्या रियाजावर अवलंबून नसतं. तेही मुलाला आधीच समजावून सांगायला हवं. शिवाय तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा ताणून गायला लावलं तर गळ्याला इजा होऊ शकते. रोहित थांबला नाही. मोठेपणी 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात तो उपविजेता झाला, पण ते 2020 मध्ये. मधली अकरा वर्षं मोजा.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक मुलगा होता. घरात पोतराजाची, गोंधळाची गाणी. निवड चाचणीला जायचं ठरल्यावर मीच त्याला म्हणालो, "हे तिथं चालत नसतंय," आणि एक सिनेमाचं गाणं घोटून घेतलं. त्यातले शब्द त्याच्या जिभेवर बसेनात. पहिल्याच फेरीत तो परत आला. त्यानंतर त्याने परिपाठात गाणं सोडलं ते सोडलंच. घरचं गाणं कमी दर्जाचं असतं, हे त्याला परीक्षकांनी नाही सांगितलं, मी सांगितलं.

म्हणून या वडिलांना म्हटलं, टीव्हीचं पुढं बघू. आधी पोरीला दर गुरुवारी परिपाठात आराधी गाणं म्हणू द्या. जमलं तर संबळ-तुणतुणं वाजवणारं कुणी घेऊन या. आणि तिला एक वही द्या, आजीला येतात ती सगळी गाणी त्यात उतरवायची. शुद्धलेखन नंतर बघू, आजी बोलते तसंच लिहायचं.

वडील जरा नाराजच गेले. "बघतो," म्हणाले.

काल मुलीने वही आणून दाखवली. अकरा गाणी झालीत. चौथ्याच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. आजीला आठवत नाहीत, येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत तिची जुनी मैत्रीण भेटते, तिला विचारून भरणार आहे म्हणाली.