घराची शाळा करू नका

शाळा बंद पडायला महासाथच यावी लागते असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस थांबेना, जायकवाडीतून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि पैठणला नदीकाठच्या लोकांना घरं सोडून सुरक्षित जागी जावं लागलं. अशा वेळी मोठी माणसं धान्य, जनावरं, कागदपत्रं, पडकी भिंत यांच्या मागे असतात आणि सहा-सात वर्षांचं लेकरू दिवसभर पायात घोटाळत असतं. त्याच्या अभ्यासाचं काय, हा प्रश्न दोन-चार दिवसांत उभा राहतोच. मग कुणीतरी वही-पेन्सिल काढून त्याला समोर बसवतं आणि थोड्याच वेळात घरात आवाज चढायला लागतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरानं हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलं आहे. मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. त्या वर्षी १० ते १८ जुलै शहर आणि वाळूज परिसर कडकडीत बंद होता. मोठ्यांचे वर्ग अधूनमधून उघडले, मिटले. पण पहिलीपासूनचे वर्ग भरवायला राज्यानं परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि जानेवारीत ते पुन्हा बंद झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलानं पहिलीचा वर्ग आतून पाहिलाच नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम निघाली. दीक्षा अ‍ॅप होतं, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचे ग्रुप केले. सगळे झटले. तरी त्या काळात घराघरांत काय चाललं होतं, ते माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या टेबलासमोर रोज येऊन बसत होतं.

एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तक्रार पोटदुखीची. पोट मऊ, ताप नाही, शौचाला नीट, वजन ठीक. दुखायचं रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला, रविवारी मात्र नाही. साडेदहाला काय असतं, असं विचारल्यावर तिनं पिशवीतून त्याची दुरेघी वही काढून टेबलावर ठेवली. शुद्धलेखनाच्या पानावर एकाच ठिकाणी इतक्यांदा खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. त्याखालच्या तीन ओळी मात्र वळणदार, सरळ. त्या तिनं स्वतः लिहिल्या होत्या, कारण रात्रीपर्यंत पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा होता. “डॉक्टर, लेकरू ऐकंना झालंय. माझाबी हात उठायला लागलाय,” ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. नवऱ्याचा वाळूजच्या कंपनीतला पगार निम्म्यावर आला होता. घरात फोन एकच, तोही तो कामावर नेई. तिची झोप उडाली होती, छातीत धडधडायचं, चहावर चहा होऊन जेवण राहून जायचं. मुलाला मी पोटाचं औषध लिहून दिलं नाही. त्या दिवशी बराच वेळ आईशीच बोलले.

मुलाचं दुखणं खोटं नव्हतं, हे आधी लक्षात घ्या. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी जलद होते, आतड्यांची हालचाल बदलते. मेंदू आणि पोट मज्जातंतूंनी जोडलेले आहेत, म्हणून ताण पोटात उतरतो. सहा वर्षांच्या मुलाला “मला ताण आलाय” असं सांगता येत नाही. ते पोटात दुखतं म्हणतं, रात्री दचकून उठतं, नखं कुरतडतं, आईचा पदर सोडत नाही. कधी सुटलेली सवय परत येते आणि अंथरूण ओलं होतं. याला हट्टीपणा म्हणू नका, त्यासाठी रागावू तर मुळीच नका. आणि धाकात अभ्यास होत नाही, कारण घाबरलेल्या मुलाचं सगळं लक्ष समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे आणि हाताकडे असतं. अक्षराकडे द्यायला त्याच्याकडे काही उरतच नाही.

त्या आईला मी जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. पहिली-दुसरीच्या मुलाला घरी दिवसाकाठी तासभर अभ्यास पुरतो, बालवाडीच्या मुलाला अर्धा तास. हे ऐकून पालकांचा विश्वास बसत नाही. पण जुलै २०२० मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं ऑनलाइन वर्गांसाठी घातलेली मर्यादाही हीच होती: पूर्वप्राथमिकला रोज ३० मिनिटं, पहिली-दुसरीला अर्ध्या तासाची दोन सत्रं, तिसरी ते आठवीला पाऊण तासाची दोन. शाळेचे पाच तास घरात आणायचा प्रयत्न करणाऱ्यांनी एवढंच आठवावं की त्या पाच तासांत प्रार्थना असते, हजेरी असते, डबा असतो, रांगा असतात, आणि चाळीस मुलांतून आपली पाळी येईपर्यंतची वाट पाहणं असतं. घरी तुम्ही एका मुलाशेजारी बसता. तिथे तास फार होतो.

“पण मागं पडलं तर?” ही भीती खरी आहे आणि शाळा बंद राहिल्याचं नुकसानही खरं आहे. ग्रामीण भागातल्या मुलांची वाचनाची चाचणी घेणाऱ्या ‘असर’ अहवालात ते दिसतं. देशभरातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर आली. तोच आकडा २०२४ मध्ये २३.४ टक्के झाला, म्हणजे महासाथीच्या आधीपेक्षाही वर गेला. शाळा उघडल्या, शिक्षक पुन्हा समोर आले आणि वाचन सावरलं. चार दिवस किंवा चार आठवडे राहिलेला धडा नंतर भरून काढता येतो. रोजच्या माराची धास्ती घेतलेलं मूल वहीजवळ आणायला मात्र पुढे फार कष्ट पडतात.

हा अभ्यासाचा तास कधी घ्यायचा, ते मुलाच्या पोटावरून आणि तुमच्या डोक्यावरून ठरवा. मूल जेवलेलं असावं, झोप झालेली असावी, आणि तुमच्या मागे गॅसवर काही ठेवलेलं नसावं. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, मग उठून हुंदडू द्या. रडू यायच्या आत थांबायला शिका. पान अर्धं राहिलं तर अर्धं राहू द्या. तुम्ही स्वतः त्याच्या वहीत लिहू नका. शिक्षकांना खरंच कळवा की आज एवढंच झालं. बहुतेक शिक्षक समजून घेतात, त्यांच्याही घरी लेकरं असतात.

आपल्याकडे अजूनही कितीतरी वसाहतींत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. संकट असो नसो, नळाच्या दिवशी घरात धांदल असतेच. त्या दिवशी वही काढूच नका. मुलाला हंड्यांजवळ उभं करा आणि त्याच्या हातात खडू द्या. एका पिंपाला किती हंडे लागले, तेवढ्या रेघा भिंतीवर मारायच्या. दोन पिंपं झाली, आता एकूण किती? काल भरलेल्यापेक्षा आज जास्त की कमी? पहिलीच्या गणितातली बेरीज, वजाबाकी, जास्त-कमी सगळं त्यात येतं, आणि आपण घरच्या कामाला लागलो याचा मुलाला केवढा अभिमान वाटतो! डाळ निवडताना, ज्वारी मापताना, बाजाराच्या पिशवीतून भाजी काढून लावताना हेच करता येतं.

इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या आया आणखी एका दुःखानं पोळतात. “मला इंग्रजी येत नाही, मी काय शिकवणार?” माझं सांगणं असं की गोष्ट सांगा. तुमच्या भाषेत सांगा. मराठीत, उर्दूत, हिंदीत, बंजारा बोलीत, जी घरात बोलली जाते तीत. दौलताबादचा किल्ला, तुमच्या आजोळची विहीर, तुम्ही लहानपणी केलेली खोडी, काहीही चालेल. ऐकलेल्या गोष्टीतून शब्दसंपत्ती वाढते, आधी काय आणि नंतर काय हे लावता येऊ लागतं, आणि वाचन त्याच पायावर उभं राहतं. अक्षरओळख नसलेली आजी हे काम उत्तम करते.

आता तुमच्याबद्दल, कारण खरं औषध तिथेच लागतं. राग चढताना अंगात कळतो: जबडा आवळतो, कान तापतात, श्वास वर वर होतो. ते कळलं की त्याच क्षणी उठा. “मला राग आलाय, मी पाणी पिऊन येते,” असं मुलाला मोठ्यानं सांगून बाजूला व्हा. खिडकीशी उभं राहून चार अंक मोजत नाकानं श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा, पाच मिनिटं. श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की नाडी मंदावते, शरीर भानावर येतं. हे शांत असताना रोज केलं असेल तरच रागाच्या वेळी जमतं. बातम्या दिवसातून दोन वेळा पाहा, मधे नको. वेळेवर जेवा. हात उगारला गेलाच, तर नंतर मुलाला जवळ घेऊन चूक माझी होती असं सरळ म्हणा.

बाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. “मी मदत करतो” हे पुरेसं नाही. एक काम पूर्ण आपल्याकडे घ्या, म्हणजे त्याची आठवणसुद्धा कुणी करून द्यायला नको. गणिताचा अर्धा तास तुमचा, किंवा संध्याकाळी मुलांना तासभर बाहेर नेणं तुमचं. मोकळा झालेला तो तास आईनं भांड्यांत घालवायचा नाही, हेही तुम्हीच बघा. महासाथीत माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला आलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींना गोळीपेक्षा त्या तासाची गरज होती.

मुलांपासून संकट लपत नाही. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची चित्रं घराघरांतल्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा दिसत राहिली आणि लहान मुलांनीही ती पाहिली. “ते रुळावर का झोपले?” असं मूल विचारतं तेव्हा “तू अभ्यास कर” हे उत्तर नव्हे. दोन वाक्यांत खरं सांगा: ते खूप चालून दमले होते, रेल्वे बंद आहे असं त्यांना वाटलं. मग तुम्ही काय काळजी घेता आहात ते सांगा. जेवढं विचारलं तेवढंच बोला. आणि तीच दृश्यं दाखवणारा टीव्ही बंद करा.

झोप आणि मोबाइल यांबद्दल थोडक्यात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. शाळा बंद असली तरी झोपायची-उठायची वेळ ढळू देऊ नका. कोलमडलेल्या दिवसात मुलाला धरायला तेवढंच असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांत तासाभराच्या वर नको, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. उजेडात, मोकळ्यावर खेळणं रोज तासभर हवं. गच्ची चालेल, गल्ली चालेल.

मुलाचं खाणं, झोप किंवा खेळणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलेलं असेल, शिकलेलं बोलणं मागे जात असेल, किंवा तुम्हाला स्वतःला सतत रडू येत असेल, मुलाला इजा होईल अशी भीती वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबू नका. शहरातल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला वेडं असावं लागत नाही. घरातून निघणं शक्य नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. दिवसा घरात सगळे असतात म्हणून बोलणं होत नसेल, तर मुलं झोपल्यावर रात्री अकराला करा. फोन उचलला जातो.