प्रभूचें देहधारण आणि आपली कोपी

शास्त्रपाठ : योहान १:१–१८, फिलिप्पै २:५–११, १ योहान ४:१–३.

ख्रिस्ती विश्वासाचा पाया प्रभूचें देहधारण हा होय. जो सृष्टीपूर्वीं पित्याबरोबर होता, तोच मरियेच्या उदरीं मनुष्य होऊन जन्मला. याविषयीं तीन गोष्टींचा विचार करूं.

१. तो खरोखर मनुष्य झाला. शेजारी आम्हांस विचारतात, "तुमचा ख्रिस्त म्हणजे आणखी एक अवतारच ना?" उत्तर नम्रतेनें द्यावें. अवतार युगायुगांत पुनःपुन्हां होतात, असें ते मानतात. ख्रिस्ताचें देहधारण एकदांच, औगुस्त कैसराच्या काळीं झालें. आणि पुनरुत्थानानंतरहि त्यानें आपलें मनुष्यत्व टाकलें नाहीं. त्याचें शरीर केवळ भास होतें, असें कित्येक आरंभींच म्हणूं लागले. त्यांविरुद्ध योहानाला लिहावें लागलें. पुढें इ. स. ४५१ त खल्कदोनच्या धर्मसभेनें तो खरा देव व खरा मनुष्य आहे, असें स्पष्ट कबूल केलें.

२. त्यानें आपणांत मुक्काम केला. योहान १:१४ मधील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकून राहणें असा आहे. बीडकरांस हा अर्थ उलगडून सांगावा लागत नाहीं. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यांतून लाखों माणसें उचल फेडावयास साखर कारखान्यांच्या मुलुखांत जातात. नवराबायको मिळून एक कोयता, फडाजवळ कोपी, आणि पहांटेच्या थंडींत तोड. आपल्या मंडळ्यांचींहि कुटुंबें त्यांत असतात. "यंदा आम्हांला नाताळ नाहीं," असें तेथील बहिणी म्हणतात. बहिणींनो, सरकारी हुकुमानें मरियेलाहि भरल्या दिवसांत गांव सोडावें लागलें, आणि तिचें बाळ गव्हाणींत निजलें. तुमची कोपी त्याला परकी नाहीं.

३. म्हणून देह तुच्छ नव्हे. प्रभूनें आपला देह स्त्रीच्या उदरीं घेतला. २०१९ सालीं शासनाच्या समितीनें आपल्या जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पाळीच्या दुखण्यानें खाडा पडेल व पैसे कापले जातील, हें भय आपल्यामागें होतें, असें कित्येकींनीं सांगितलें. हें ऐकूनहि जी मंडळी केवळ आत्म्याच्या तारणाचीं गीतें गाऊन घरीं जाते, तिनें देहधारणाचा पाठ अर्धाच वाचला.

आचरण : प्रभु आपणांकडे आला, आपणहि जावें. पाळकांनीं व वडिलांनीं नाताळांत फडावर जाऊन उपासना चालवावी. आजारी बहिणीला शस्त्रक्रियेपूर्वीं दुसऱ्या डॉक्टराकडे नेण्यास कोणी तरी सोबत व्हावें. गांवीं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या व लेकरांच्या जेवणाची चौकशी मंडळीनें रोज करावी.

मननासाठीं प्रश्न :
१. अवतार व देहधारण यांत भेद कोणता?
२. आपल्या मंडळीचीं किती कुटुंबें आज फडावर आहेत? त्यांच्याकडे कोण जाईल?