वाचनाचा तास : अपेक्षा आणि अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाचा भाग म्हणून गेल्या हिवाळ्यात मी आमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या मुलांचा वाचनाचा तास घेतला. शनिवारी शाळा सकाळची असते. त्यातला शेवटचा तास मुख्याध्यापकांनी मला दिला. असे तेरा शनिवार झाले. आमचे मराठीचे सर म्हणाले, "जे केलेस ते वार्षिकासाठी लिहून काढ. वर्णन नको, विचार लिही." विचार लिहिण्याइतकी माझी तयारी आहे असे नाही. पण वाचनाच्या तासाकडून कोणती अपेक्षा धरावी आणि त्या तासात मुलांकडून काय करवून घ्यावे, या दोन प्रश्नांना पहिल्या शनिवारी माझी जी उत्तरे होती ती तेराव्या शनिवारी राहिली नाहीत. ती का बदलली, एवढे मला सांगता येईल.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा मानला आहे. या टप्प्यावर एक गोष्ट कोणी न सांगता बदलते. तोपर्यंत मूल वाचायला शिकत असते; येथून पुढे वाचून शिकावे असे धरले जाते. इतिहास, भूगोल, विज्ञान, एवढेच काय गणितातली शाब्दिक उदाहरणेसुद्धा वाचल्यावाचून पुढे सरकत नाहीत. परंतु आमच्या शाळेच्या वेळापत्रकात वाचन नावाचा तास नव्हता. भाषेचा तास होता, आणि तो बहुतेक धड्याखालच्या प्रश्नोत्तरांत संपत असे. मी शिकत होते तेव्हाही असेच होते. त्यात कोणा एका शिक्षकाचा दोष आहे असे मला वाटत नाही. सातवीतल्या मुलाला वाचता येतेच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

ते गृहीत किती खरे आहे? 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासले जाते. अक्षरे, शब्द, लहानसा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशी चढती पायरी त्यात असते. 'असर' या नावाने तो अहवाल निघतो. २०१८ च्या अहवालात देशातील आठवीच्या सुमारे ७३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली होती. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर आले. म्हणजे आठवीच्या वर्गात दहा मुले बसली असतील तर त्यांतल्या तिघांना दुसरीचे पुस्तकही नीट वाचता येत नाही. हे आकडे मला पुष्कळ नंतर कळले. पहिल्या शनिवारी माझ्यापाशी फक्त उत्साह होता.

त्या उत्साहाच्या भरात मी फुलस्केपवर वाचनाच्या तासाचे नियम लिहून नेले होते आणि ते फळ्यावर उतरवून दिले. रोज घरी दोन पाने मोठ्याने वाचावीत. वाचल्याबद्दल वहीत पालकांची सही आणावी. वर्गात स्पष्ट, खणखणीत आवाजात, न अडखळता वाचावे. पाच कठीण शब्द काढून त्यांचे अर्थ लिहावेत. मुलांनी ते निमूटपणे उतरवून घेतले. हे नियम मी कोठून आणले, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. ते माझ्याच शाळेतले होते. खणखणीत वाचते म्हणून मला पंधरा ऑगस्टला पुढे उभे करीत. पुढे अकरावीत गेल्यावर समाजशास्त्राच्या पुस्तकाचे एक पान मी तीनदा खणखणीत वाचले आणि त्यात काय म्हटले आहे ते मला सांगता येईना, तेव्हा मी खोलीत एकटी बसून रडले होते. तरीही शिकवायला उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून तेच नियम निघाले.

दुसऱ्या शनिवारी मी स्वतः तयार केलेला उतारा वाचायला दिला. त्यात एक वाक्य होते : पाटलाने भर चावडीत गड्याचा पाणउतारा केला. एका मुलाने ते इतके सुरेख वाचले की मी "शाबास" म्हटले. मग सहज विचारले, "म्हणजे काय केलं रे पाटलानं?" तो म्हणाला, "ताई, गड्याला पाण्यात उतरायला जागा करून दिली." वर्ग हसला नाही. वर्गालाही तसेच वाटत होते.

या एका उत्तरावर मी घरी पुष्कळ विचार केला. त्या मुलाचे चुकले कोठे? अक्षरे त्याने बरोबर ओळखली. पाणी आणि उतार हे दोन्ही शब्द त्याला ठाऊक होते, ते जोडून त्याने अर्थही लावला. म्हणजे डोके चालत होते. त्याने एकच केले नाही : पुढे 'गड्याने मान खाली घातली' असे वाक्य होते, तेथपर्यंत गेल्यावर मागे वळून पाहिले नाही. ज्याला पाण्यात उतरायला जागा मिळाली तो मान खाली का घालील, असा प्रश्न त्याला पडला नाही. कारण वाचताना थांबणे, मागे जाणे, पुन्हा वाचणे हा आमच्याकडे अडखळणे या दोषात जमा होतो. अडखळला की गुण गेले! जो चांगला वाचणारा असतो तो खरे म्हणजे पुष्कळदा थांबत असतो. फक्त तो मनात थांबतो म्हणून दिसत नाही.

म्हणून न अडखळता वाचण्याचा नियम मी पुसला आणि त्याच्या जागी लिहिले : कळले नाही तर थांबावे, मागे जावे. कठीण शब्दांचा नियमही बदलला. शब्दकोश शाळेत एकच होता आणि तो कपाटात होता. मुले पुस्तकामागचे शब्दार्थ उतरवीत, ते काम हाताचे होते. आता शब्दाचा अर्थ आधी आपल्या अंदाजाने लिहावयाचा, तो अंदाज कोणत्या वाक्यावरून केला ते लिहावयाचे, आणि मगच विचारावयाचे, असे ठरले. अंदाज चुकला तरी चालेल. आधार मात्र दाखवता आला पाहिजे.

सहीच्या नियमाचे सांगायला मला संकोच वाटतो, पण ते टाळले तर लेख खोटा होईल.

तिसऱ्या शनिवारी मी वह्या तपासल्या. एका मुलीच्या वहीत चौदा दिवसांच्या चौदा सह्या एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाने होत्या आणि ते वळण तिच्या स्वतःच्या अक्षराचे होते. मी तिला उभे केले. खोटी सही करणे किती वाईट, यावर सगळ्या वर्गासमोर पाच मिनिटे बोलले. ती काही बोलली नाही. पाणउतारा या शब्दाचा अर्थ मी आदल्या शनिवारीच समजावून दिला होता.

तास संपल्यावर दुसरी एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तिचे आईबाप कारखान्याला गेलेत. घरी आजीच आहे, तिला सही येत न्हाई."

बीड जिल्ह्यातल्या वाचकांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगते. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गाळप संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, ती परतत नाहीत. मुले बरोबर जाऊ नयेत म्हणून काही शाळांतून हंगामी वसतिगृहे चालतात. मूल आजीआजोबांपाशी राहते आणि जेवायला शाळेत येते. माझ्या वर्गात २७ मुले होती. त्यांतल्या १४ जणांचे आईवडील त्या वेळी गावात नव्हते. ही चौकशी मी पहिल्याच दिवशी करावयास हवी होती. आणि हे मला दुसऱ्या कोणी सांगण्याची वेळ यावी, याची लाज अधिक वाटते. कारण आमच्या घरचा कोयताही बाहेरच असे. सातवीत माझ्या प्रगतिपत्रकावरची वडिलांची सही मीच करीत असे. त्या मुलीचे वळण मी इतक्या चटकन ओळखले ते उगाच नाही.

पुढच्या शनिवारी वर्गासमोरच मी तिची माफी मागितली आणि माझ्या प्रगतिपत्रकाची गोष्टही सांगितली. मुले फार हसली. ती मात्र हसली नाही, पण वही घेऊन आली.

आता सहीचे काय करावे? पालकांची सही मागण्यामागे घरी कोणीतरी लक्ष घालावे असा हेतू असतो, आणि तो योग्य आहे. पण ज्या घरात लिहिणारे कोणी नाही, त्या घराकडून सही मागणे म्हणजे जे नाही तेच मागणे. तेथे ऐकणारे मात्र कोणीतरी असते. आमच्या आज्यांनी आयुष्यभर कीर्तने ऐकली आहेत, जात्यावरच्या ओव्या पाठ ठेवल्या आहेत. ऐकणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते. म्हणून नवा नियम केला : घरी कोणालाही वाचून दाखवावे आणि ऐकून ते माणूस काय म्हणाले ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून आणावे. सही नको.

या बोलीतल्या वाक्यांबद्दल आमच्या एका प्राध्यापकांचा माझ्याशी मतभेद आहे. शाळेत प्रमाण मराठी पक्की व्हावी, तेथे 'व्हतं' आणि 'न्हाई' लिहू देणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याविषयी आदर ठेवून मला वाटते की, पुस्तकातली भाषा पुस्तकात आहेच. पण ती कळली की नाही हे मुलाला आपल्या बोलीत सांगता आले तरच समजते. पुस्तकाच्याच शब्दांत सांगितलेले उत्तर पाठ केलेलेही असू शकते.

अखेरीस तासाची रचना साधारण अशी बसली. पहिली दहा मिनिटे सर्वांनी मनात वाचावयाचे, मीसुद्धा. नंतर मी एक पान वाचून दाखवीत असे आणि मध्येच थांबून माझी स्वतःची शंका मोठ्याने बोलत असे. मग दोघादोघांनी मिळून वाचन, आणि शेवटी प्रत्येकाने धड्यावर एक प्रश्न तयार करावयाचा. 'कोण कोणास म्हणाले' या जातीचे प्रश्न पहिले तीन आठवडे आले, पुढे कमी झाले. वाचायला पाठ्यपुस्तक होतेच. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात, त्यांतली काही पाने मी छापून नेली. शिवाय एस. टी. चे वेळापत्रक, खताच्या पोत्यावरचा मजकूर आणि एकदा सातबाराचा उतारा. सातबाऱ्याच्या दिवशी जेवढी शांतता होती तेवढी कोणत्याही गोष्टीला नव्हती. आपल्या आजोबांचे नाव कागदावर कोणत्या रकान्यात आहे हे शोधायला मुलांना फार आवडले. काहींना ते सापडले नाही, कारण जमीनच नव्हती. तो कागद आणताना याचा विचार मी केला नव्हता, हेही लिहून ठेवते.

चार मुलांचे मला काही जमले नाही. त्यांना जोडाक्षरे आली की वाचता येत नसे, एकाला काना-मात्राही पक्क्या नव्हत्या. त्यांना दुसरीची पुस्तके द्यावीत तर बाकीच्यांसमोर ती हातात धरायला ते तयार नव्हते. सातवीतले मूल बारा-तेरा वर्षांचे असते. त्याला ससा-कासव देऊन चालत नाही. सोप्या अक्षरांतला पण त्यांच्या वयाचा मजकूर हवा आणि तो मला फारसा मिळाला नाही. म्हणून मी स्वतः लिहू लागले. आठ-दहा ओळी, जोडाक्षरे शक्यतो टाळून, विषय गावातलाच. आठवड्याला एका तासात हे काम होणार नाही, रोज हवे, हे मी मुख्याध्यापकांना सांगितले आहे. जूनपासून परिपाठानंतर रोज वीस मिनिटे त्या चौघांसाठी द्यावयाचे त्यांनी कबूल केले आहे. महाविद्यालयातून रोज एक जण तरी तेथे जावयास हवा. गाव एस. टी. ने नऊ किलोमीटरवर आहे.

असाच एक उतारा विहिरीवरच्या भांडणाचा होता. दुष्काळात दोघी बायका पाण्यासाठी भांडतात, ढकलाढकलीत एकीची घागर विहिरीत पडते, माणसे जमतात, सरपंच येतात आणि भांडण मिटते. त्या सहीवाल्या मुलीने तो उतारा आजीला वाचून दाखवला आणि आजीचे म्हणणे वहीत लिहून आणले. एकच ओळ होती : "समदं खरं, पर त्या बाईच्या घागरीचं काय झालं?"

उतारा मीच लिहिला होता. घागर विहिरीत टाकून मी ती विसरून गेले होते. पुढच्या शनिवारी त्याला दोन ओळी जोडल्या.