सिंचन प्रकल्पाच्या कागदांतील सहा शब्द

धरण, कालवा, उपसा योजना या शेतकऱ्याच्या गोष्टी, व्यापाऱ्याला त्यांच्याशी काय करायचे, असे आपले अनेक व्यापारी बांधव समजतात. चऱ्होलीसारख्या गावात हा समज महागात पडू शकतो. इंद्रायणीच्या एका काठावरचे चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. पलीकडचे चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात आहे. या पट्ट्यात गोदाम, वर्कशॉप किंवा रोपवाटिकेसाठी जागा पाहणाऱ्याच्या हाती बहुधा शेतजमिनीचेच कागद येतात. त्या कागदांमागे सरकारी प्रकल्प असू शकतो. म्हणून पर्यावरण तपासणीतील सहा शब्द आपण समजून घेऊ.

१. लाभक्षेत्र : प्रकल्पाच्या पाण्याखाली येऊ शकणारी लागवडीयोग्य जमीन. मंजुरी केंद्राने द्यायची की राज्याने, हे या आकड्यावर ठरते. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत केंद्राकडे जाण्याची मर्यादा १०,००० हेक्टर होती. २०१८ मध्ये ती ५०,००० हेक्टर झाली. या शब्दाची दुसरी बाजू अशी की धरणग्रस्तांना द्यायची जमीन लाभक्षेत्रातूनच घेतली जाते. त्यासाठी तेथील जमिनीच्या विक्रीवर कायद्याने बंधन येते. भामा-आसखेड धरणामुळे खेड तालुक्यात अनेक सातबाऱ्यांवर पुनर्वसनाचे शेरे पडले. विसार देण्यापूर्वी 'इतर हक्क' हा रकाना वाचावा, तो त्यासाठी.

२. बुडीत क्षेत्र : धरणाचे पाणी भरल्यावर जी जमीन, घरे व जंगल पाण्याखाली जाते ते. लाभ एकाचा आणि बुडणे दुसऱ्याचे, हा हिशेब येथे मांडला जातो.

३. आघात मूल्यांकन अहवाल : प्रकल्पाने पाणी, माती, झाडे व माणसांच्या रोजगारावर काय परिणाम होईल याची नोंद. हा अहवाल प्रकल्प करणाराच सल्लागाराकडून तयार करून घेतो. सरकारी प्रकल्पात अर्जदार सरकारचेच खाते असते. म्हणून अहवाल बाहेरच्या नजरेने वाचणे अगत्याचे आहे.

४. जनसुनावणी : ही १९९७ मध्ये सक्तीची झाली. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते व जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे. हरकत लेखीही देता येते. लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे जुन्या सिंचन प्रकल्पाच्या 'आधुनिकीकरणा'ला या सुनावणीतून सूट आहे. जाहिरातीत हा एक शब्द आला की लोकांची बोलण्याची संधी जाते.

५. प्रयोजन : पाणी कशासाठी? शेतीसाठी किती, पिण्यासाठी किती, कारखान्यांसाठी किती? भामा-आसखेड धरण मुख्यतः सिंचनासाठी म्हणून उभे राहिले. पुढे त्यातला वाटा पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांसाठी ठरला आणि २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला ते पाणी मिळू लागले. शहराची तहान खोटी नाही. परंतु बागायत वाढेल या भरवशावर पंप, पाइप, खते यांत भांडवल घालणाऱ्या दुकानदाराने हा तक्ता पाहिला नाही, तर माल पडून राहतो.

६. मंजुरीच्या अटी : पर्यावरण मंजुरी म्हणजे कोरा परवाना नव्हे. तिच्यासोबत अटी येतात आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित अधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे.

या सहा शब्दांचे सार एवढेच की जी हरकत मुदतीत कागदावर आली, तीच मोजली जाते. तोंडी गाऱ्हाणे चहाच्या टपरीवरच राहते. तेव्हा गावात प्रकल्पाची जाहिरात दिसली की आपल्या बांधवांनी तिचे कात्रण ठेवावे, तारीख लिहून ठेवावी, अहवालाचा सारांश मागून घ्यावा आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही वाचून दाखवावा. त्याचे शेत टिकले, तरच आपले दुकान चालेल.